दिव्यांचा विसावा

४ सप्टेंबर, गुरुवार

दिवे आले. मोजून साठ. प्रत्येकाबरोबर छपरावर ठेवायची तळहाताएवढी सौर पाटी, दिवसभर ऊन पिणारी. दिवे देणाऱ्या संस्थेच्या टोपीवाल्या साहेबांनी ट्रकच्या फळीवर उभं राहून भाषण केलं आणि खरी गोष्ट पार शेवटी सांगितली. सहा महिन्यांनी ते मोजणीला येणार. साठांपैकी पन्नास दिवे लागले, तर संस्था इथे राहणार आणि टेकडीवरच्या दवाखान्यावर तशीच मोठी पाटी बसवून बाळंतपणाच्या खोलीत कायमचा दिवा देणार. एकोणपन्नास लागले, तर आहेत तेवढे गोळा करून पुढच्या गावाला.

त्या दवाखान्यात माझी धाकटी बहीण नर्स आहे. सहा वर्षं ती कंदील टांगून बाळंतपणं करते आहे. मागच्या महिन्यात वरून पत्र आलं की प्रकाशाची सोय नसेल तर मार्चअखेरनंतर संध्याकाळी दवाखाना बंद ठेवावा. संध्याकाळनंतर कळा सुरू झालेल्या बाईने काय करायचं, ते पत्रात लिहिलेलं नाही. जवळचं दुसरं इस्पितळ चार तासांवर आहे.

दिव्यांची देखभाल कोण करणार असं साहेबांनी विचारलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. शिवणवर्ग माझा, जागा रस्त्यावरची आणि तोंड गावात सगळ्यांत मोठं. मी हो म्हटलं. घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरं." आमचे हे कशालाही बरंच म्हणतात.

नियम एकच आहे. दिव्याच्या पाठीवर चंदेरी पट्टी आहे, ती निघाली की दिवा बाद. उघडायचा नाही, बिघडला तर ट्रकमधून शहरात पाठवायचा. मला हा नियम आवडला. हे मात्र पट्टीच्या कडेवर नख फिरवत बसले होते, म्हणून हातावर एक चापट दिली.

७ सप्टेंबर, रविवार

दिवे वाटून झाले. खालच्या वाडीत पस्तीस, वरच्या वाडीत पंचवीस. वरच्या वाडीतल्या म्हातारीने दिवा हातात घेऊन उलटापालटा केला आणि विचारलं, हा मेल्यावर कुठे टाकायचा? तिच्या फळीवर आधीच्या दोन योजनांचे दिवे आहेत. एकात ती मीठ ठेवते. मी तिला म्हटलं, आजी, या वेळी मी आहे. ती म्हणाली, ते दिसतंच आहे.

आमच्या घरातली शिवणवर्गाची खोली पूर्वी यांचं रेडिओचं दुकान होतं, हे नव्या मुलींना माहीतही नसेल. बारा वर्षं झाली. यांचा हात चांगला होता, पण दुकान म्हणजे नुसता अड्डा. कुणीही यावं, रेडिओ ठेवून जावं, चहा पिऊन जावं. मी त्याच खोलीच्या कोपऱ्यात मशीन चालवायची. एक दिवस यांनी तारा जोडायची तापलेली डाखाची कांडी ठेवली ती नेमकी मी शिवलेल्या, शाळामास्तरांच्या लग्नाच्या कोटावर. पाठीला रुपयाएवढं भोक. मास्तर जुन्या कोटात बोहल्यावर चढले. त्या दिवशी मी यांच्याकडून शब्द घेतला की पुन्हा या घरात कांडी तापवायची नाही. हे बरं म्हणाले, आणि आजवर तो शब्द पाळलाय. कोपऱ्यातून मी मधे आले, हे कोपऱ्यात गेले. आता बटणं लावतात, काजं करतात, कोळशाची इस्त्री फिरवतात. कुणाचं काही वाईट झालं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

चार दिवे गेले. दोन वरच्या वाडीतले, दोन खालचे. ट्रक आला होता, त्यातून शहरात पाठवले. परत कधी येतील असं ड्रायव्हरला विचारलं. त्याने खांदे उडवले आणि आमच्या नळावर तोंड धुऊन निघून गेला.

साठातले चार म्हणजे छप्पन. अजून साडेचार महिने आहेत. 

११ नोव्हेंबर, मंगळवार

ते चार दिवे आलेच नाहीत. संस्थेचा निरोप आला की शहरातल्या गोदामात रांग आहे. दिव्यांची रांग! आणखी तीन बंद पडलेत. या वेळी मी ते ट्रकमध्ये टाकणार नाही. माझ्या फळीवर मेलेले राहिले तरी चालतील, निदान डोळ्यांसमोर राहतील.

धाकटी आली होती. मी तिच्यासमोर पहिल्यांदाच म्हटलं की हे काम मी उगाच अंगावर घेतलं. तिने फळीवरच्या दिव्यांकडे बघितलं, मग यांच्याकडे बघितलं. हे काजं करत होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज जे घडलं ते सविस्तर लिहून ठेवते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

काल शनिवार, म्हणून मी नेहमीप्रमाणे दोरे-बटणं आणायला बाजारच्या गावी गेले होते. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. आज सकाळी फळी पुसताना सहज एका मेलेल्या दिव्याचं बटण दाबलं आणि तो लागला! दुसरा दाबला, तो लागला. तिसराही लागला. कुणी हात लावलेला नाही, पाठीवरच्या पट्ट्या जागच्या जागी, अगदी गुळगुळीत.

मी दिवसभर विचार केला आणि मला उलगडलं. मशीन सलग चालवलं की तापतं आणि टाके सोडायला लागतं. तासभर थांबवलं की पुन्हा नीट शिवतं. दिव्याचंही तेच. लोक त्याला रोज जाळतात, रोज उन्हात घालतात, बिचाऱ्याला उसंत नाही. माझ्या फळीवर सावलीत चार दिवस पडून राहिला आणि त्याला विसावा मिळाला. इतकी साधी गोष्ट, पण शहरातल्या शिकलेल्यांच्या डोक्यात आली नाही.

यांना सांगितलं तर यांनी हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाले, "असेल." बरं नाही, असेल. म्हणजे यांनाही पटलं.

७ डिसेंबर, रविवार

विसाव्याची पद्धत आता पक्की झाली. आजारी दिवा आणला की फळीवर पालथा घालायचा. मी उरलेल्या फ्लॅनेलच्या तुकड्यांचे अभ्रे शिवलेत, त्यात गुंडाळायचा. मुली हसतात, हसू देत. आतापर्यंत सतरा वेळा गुण आला, त्यात तीन दिवे दोनदा आलेले.

एक गोष्ट मात्र समजत नाही. दिवा सोमवारी आणा की गुरुवारी, त्याला गुण येतो तो शनिवारीच. शुक्रवारी मेलेला, रविवारी जिवंत. माझा अंदाज असा, की शनिवारी वर्ग बंद असतो, मशीनांची धडधड नसते, त्यामुळे त्यांना खरी शांतता मिळते. वरच्या वाडीतल्या म्हातारीला हे सांगितलं. ती म्हणाली, शनिवारी तू पण नसतेस. या बाईला कधी चांगलं बोलता येणार नाही.

बाकी घरात बारीकसारीक कटकटी. इस्त्रीचे कोळसे कुठे जातात कळत नाही, पोतं पंधरा दिवसांत तळाला गेलं. शेजारणीवर माझा डोळा आहे. माझा चष्मा रविवारी नेहमी बोटांच्या ठशांनी माखलेला असतो. यांना म्हटलं, तुमचं पेपर वाचून झालं की निदान पुसून ठेवत जा. म्हणाले, बरं.

२८ डिसेंबर, रविवार

वाईट दिवस. यांचे थोरले भाऊ पायऱ्यांवरून पडले, त्यांच्या सेवेला हे दोन आठवडे झाले गेलेत. इकडे हवा दमट. दिव्यांना गुण येईना. दोन शनिवार गेले, फळीवर सहा जण पालथे आहेत, एकही उठत नाही. मी अभ्रे बदलले, जागा बदलली, एकदा चक्क त्यांच्याशी बोलले. कुणाला सांगू नये, पण वहीत खोटं कशाला लिहा.

घर फार मोकळं वाटतं. हे असताना बोलत नाहीत, पण नसताना त्याहून बोलत नाहीत.

११ जानेवारी, रविवार

हे बुधवारी परत आले. हवाही सुधारली असावी, कारण काल एका दिवसात सहाच्या सहा दिवे बरे झाले. मी दमट हवेबद्दल साहेबांना पत्र लिहिलं, विसाव्याची पद्धत पाच मुद्द्यांत मांडली. इतर गावांना कळवा म्हणून लिहिलं.

८ फेब्रुवारी, रविवार

वरच्या वाडीतले चौदा दिवे एका आठवड्यात गेले. चौदा! तिथल्या बायका दिवा दोरीला बांधून आढ्याला टांगतात, खाली ओढतात, वर सोडतात. सगळ्यांचं एकाच जागी काहीतरी तुटलं असणार, असं हे म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत, तुम्ही आत बघितलंय का? हे उठून इस्त्रीत कोळसे घालायला गेले.

हिशेब सरळ आहे. शहरात अडकलेले चार सोडले तर छप्पन. त्यातले चौदा गेले, राहिले बेचाळीस. मोजणीला चोवीस दिवस. धाकटीला तोंड दाखवायची लाज वाटते.

१५ फेब्रुवारी, रविवार

मी ठरवलंय की आता बाजारला जायचं नाही. या चौदांना डोळ्यांत तेल घालून सांभाळायचं. काल शनिवारभर फळीसमोर बसून होते, कुणाला मोठ्याने बोलू दिलं नाही. एकही उठला नाही.

हे सकाळपासून म्हणत होते की दोरा संपलाय. मी म्हटलं, खण भरून आहे. मग म्हणाले, बटणं. मग म्हणाले, तुझ्या मैत्रिणीला भेटून ये. बावीस वर्षांच्या संसारात यांनी मला एका दिवसात इतकी वाक्यं कधी ऐकवली नव्हती. माणूस माझ्या काळजीने हलला आहे, हे बघून बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा शनिवार गेला. पुन्हा शून्य. मी जागची हलले नाही, जेवणही फळीसमोर केलं. हे तीनदा येऊन माझ्याकडे बघून गेले. दहा दिवस राहिले.

आज सगळं खरं लिहिते. मला आता वाटतं की विसावा वगैरे माझ्या मनाचे खेळ असतील. पण मग आधीचे दिवे कसे बरे झाले? तो प्रश्न सुटत नाही, आणि दुसरं काही सुचत नाही.

१ मार्च, रविवार

काल सकाळी धाकटी टेकडी उतरून आली. आल्या आल्या माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, ताई, तुला ताप आहे, चल. मला ताप नव्हता. पण ती नर्स, तिच्यापुढे बोलायची सोय नाही. तिने मला दवाखान्यात नेऊन खाटेवर झोपवलं, दाराला कडी लावली आणि संध्याकाळी सोडलं. दिवसभर मी त्या बाळंतपणाच्या खोलीचं छत बघत पडले होते. कंदील टांगतात तिथे काजळीने काळा गोल झालाय, परातीएवढा.

घरी आले तर फळीवरचे अकरा दिवे लागत होते. चौदातले अकरा!

 म्हणजे माझंच चुकलं होतं. मी टक लावून बसले म्हणून ते बरे होत नव्हते. हे दारात उभे होते, डोळे लाल, एका बोटाला चिंधी. इस्त्रीचा चटका बसला म्हणाले. मी मलम लावून दिलं.

बेचाळीस आणि अकरा, त्रेपन्न!

४ मार्च, बुधवार

आजच लिहून ठेवते.

टोपीवाले साहेब सकाळी आले. दोन्ही वाड्यांतून दिवे माझ्या वर्गात आणले होते, कापायच्या मोठ्या टेबलावर ओळीने मांडले होते. निम्मं गाव खिडकीशी. साहेबांनी एकेक बटण दाबलं. त्रेपन्न लागले. साहेबांनी टोपी काढली. म्हणाले, बत्तीस गावांत मोजणी केली, निम्मे दिवेसुद्धा कुठे लागले नाहीत. इथे काय केलंत?

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसेन ती मी कसली. मी पद्धत सांगितली. पालथा घालणं, फ्लॅनेल, शनिवार, शांतता, सगळं. साहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी एक दिवा उचलला, उजेडात तिरका धरून पट्टी बघितली आणि पातं घालून झाकण उघडलं.

आत लाल वायरचा एक नवा तुकडा होता. दोन्ही टोकांना डाख दिलेला, मुगाच्या दाण्याएवढा, चकचकीत.

साहेब म्हणाले, हा दिवा उघडलेला आहे. मी म्हटलं, शक्य नाही, चोवीस तास माझ्या नजरेखाली आहे. त्यांनी दुसरा उघडला. तोही तसाच. मी सगळ्यांसमोर शपथ घ्यायला हात वर केला होता, एवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"मी उघडले," हे म्हणाले. "शनिवारी. कोळशावर कांडी तापवून. तिला माहीत नव्हतं."

 खिडकीतल्या धाकटीने मान खाली घातली. मला एका क्षणात कोळसे, चष्मा, चिंधी, ताप, सगळं दिसलं. पट्टीसुद्धा माझ्याच इस्त्रीने ऊब देऊन सोडवली होती आणि परत चिकटवली होती. मला इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि त्याच वेळी मनात आलं की किती सुबक काम आहे.

साहेबांनी सगळ्या पट्ट्या तपासल्या. एकतीस उघडलेले, बावीस न उघडलेले. अगदी मऊ आवाजात म्हणाले, बाई, नियमाप्रमाणे बावीसच धरता येतील. आमच्या कारखान्यापेक्षा हा डाख चांगला आहे, पण कागदावर बावीस.

नवऱ्याला काय बोलायचं ते नंतर बोलता येणार होतं. आधी साहेब.

मी म्हटलं, "साहेब, आम्ही कपडा शिवतो तेव्हा शिवणीत आत जास्तीच्या कापडाची दोन बोटं माया ठेवतो. अंग वाढतं, शिवण झिजते. उसवून पुन्हा घालता आला, तरच कपडा वर्षं काढतो. तुम्ही दिवा शिवलात आणि वर म्हणता उसवायचा नाही. बत्तीस गावांत तुमचे नियम पाळले गेले आणि दिवे मेले. इथे एका माणसाने मोडले आणि त्रेपन्न जळतायत. कागदावर दोन्ही आकडे लिहा. बावीसही लिहा, त्रेपन्नही लिहा. आणि त्या माणसाचं काम जोडून पाठवा."

साहेब म्हणाले, कागदावर दोन आकड्यांना जागा नाही. मी माझा खडू पुढे केला, म्हटलं, समासात लिहा. त्यांनी खडू घेतला नाही, पण पेनने समासात लिहिलं. पट्टी निघालेला एक दिवा खोक्यात घालून घेऊन गेले.

त्यांच्या हातात निर्णय नाही, हे जाताना तीनदा म्हणाले.

६ मार्च, शुक्रवार

दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. वर्गातल्या मुलींनी मात्र पोट भरून बोलून घेतलं. एकीने मशीनवर फ्लॅनेल पांघरलं आणि म्हणाली, बाई, जरा निजलंय. मी तिला हसत हसत दोन तास उसवायला बसवलं.

आज संध्याकाळी यांना विचारलं, शब्द का मोडलात? हे म्हणाले, मोडला नाही. तू म्हणाली होतीस या घरात कांडी तापवायची नाही, मी मागच्या पडवीत तापवली. बारा वर्षं हा माणूस नियमातली फट जपून होता!

मी हसले, आणि मग हसू थांबलं. कारण माझ्या लक्षात आलं की चोरून करावं लागलं हे यांचं चुकलं नाही, माझं चुकलं. एका कोटापायी मी यांचा हात बारा वर्षं बांधून ठेवला आणि वर लिहून ठेवलं की कुणाचं काही वाईट झालं नाही. मागची पानं काढून वाचली. ते वाक्य खोडणार नाही, राहू दे तिथे.

३० मार्च, सोमवार

पत्र आलं! मुलींना मशीन थांबवायला लावलं आणि टेबलावर चढून वाचलं.

संस्था राहणार. दवाखान्यावर पाटी बसणार, कामगार याच आठवड्यात येतील. नवे दिवे चार स्क्रूंचे येतील, पट्टीशिवाय. दर वाडीत दुरुस्ती शिकलेल्या दोघी हव्यात, आणि शिकवायला, पत्रातले शब्द जसेच्या तसे, 'समासात नमूद केलेले गृहस्थ'. वायर, डाख, सुट्टे भाग संस्था पाठवेल. बत्तीस गावांत हीच पद्धत नेणार आहेत. माझी पाच मुद्द्यांची पद्धत मिळाली, आभारी आहोत, असंही शेवटी होतं. तेवढी ओळ मी मोठ्याने वाचली नाही.

धाकटी अर्ध्या तासात टेकडी उतरून आली. तिची चप्पल वाटेत तुटली होती, ती हातात घेऊन. आम्ही दोघी रडलो, मग यांना रडवलं.

दुपारी मी कापायचं टेबल भिंतीला सरकवलं आणि खिडकीखालची जागा मोकळी केली. खोलीतला सगळ्यांत चांगला उजेड तिथे पडतो. यांना म्हटलं, इथे बसा. हे म्हणाले, कोपरा बरा आहे की. मी म्हटलं, बसा म्हणते ना. बसले.

१७ मे, रविवार

शिकवणी रोज दुपारी. वरच्या वाडीतल्या दोघी, खालच्या दोघी आणि मी. हे शिकवताना वेगळेच माणूस असतात. भराभर बोलतात, चिडतात, हातातून कांडी काढून घेतात. मला चक्क म्हणाले, "अगं, तो डाख आहे, लोणी नाही. किती थापतेस?" सगळ्यांसमोर! मी ऐकून घेतलं. नंतर बाहेर बोलावून विचारावं असं मनात होतं, पण बोलताना यांचा चेहरा इतका उजळला होता की राहिलं.

खरं म्हणजे मला अजून भीती वाटते. तापलेली कांडी हातात आली की मला तो कोट दिसतो. वरच्या वाडीतल्या दोघी माझ्या पुढे गेल्या. त्यांनी म्हातारीच्या फळीवरचा मिठाचा दिवासुद्धा उघडून लावून दाखवला. म्हातारी म्हणाली, मग आता मीठ कशात ठेवू?

१० जून, बुधवार

कालचं आज लिहिते.

काल दिवस मावळायला धाकटीचा निरोप आला. म्हातारीच्या नातसुनेला कळा सुरू झाल्यात आणि दवाखान्याचा दिवा बंद पडलाय, यांना पाठव. हे शिकवायला दोन डोंगर पलीकडच्या गावी गेलेले. वरच्या वाडीतल्या दोघीही यांच्याबरोबर. खालच्या दोघींतली एक आजारी, एक माहेरी. राहिले मी.

यांची अवजारांची पेटी उचलली आणि टेकडी चढले. अर्ध्या वाटेवर पाय म्हणाले मागे फिर. तुला काय येतं, तू दिवे निजवणारी बाई. तरी चढले.

आत धाकटी कंदिलाच्या उजेडात बसली होती. मूल आडवं होतं, असं ती मला नजरेनेच म्हणाली. तोंडाने एवढंच म्हणाली, ताई, मला नीट दिसायला हवं. म्हातारीला मी दुसरा कंदील धरून बाहेरच्या पडवीत उभं केलं, स्टुलावर चढून दिव्याची पेटी उतरवली आणि चार स्क्रू काढले. चौथा हातातून पडला, तो म्हातारीने पायाने दाबून धरला. आत बघितलं. काही कळेना. मग यांनी शिकवलं होतं तसं एकेक वायर नखाने हलवत गेले. तिसरी हातातच आली. सांध्यातून सुटली होती.

पाणी उकळायच्या शेगडीत कांडी तापवली. आतून नातसुनेचा आवाज येत होता. मी सुईत दोरा ओवताना श्वास धरते तसा धरला आणि डाख दिला. कोट वगैरे काही दिसलं नाही. वायर तेवढी दिसली.

पेटी जागेवर लावली, बटण दाबलं. लागला. सगळी खोली कोपऱ्यापर्यंत दिसली, धाकटीचे हात दिसले. तिने वर बघितलंसुद्धा नाही, एकदम कामाला लागली. तिने मूल कसं फिरवलं ते मी सांगू शकत नाही, मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. रात्री साडेनऊच्या सुमारास बाळ रडलं. मुलगी. आईही चांगली आहे.

हे आज सकाळी आले. मला भेटायच्या आधी दवाखान्यात गेले, दिव्याची पेटी उघडली, माझा डाख बघितला. घरी येऊन म्हणाले, "जास्त झालाय. पण धरलाय पक्का." अवजारांची पेटी आवरताना पुन्हा एकदा म्हणाले, "पक्का धरलाय." माझ्या शिवणाला आजवर मिळालेली सगळी वाहवा एका बाजूला ठेवली तरी चालेल.

आणि एक लिहायचं राहिलं. काल बाळ आल्यावर पडवीतले सगळे आत आले. म्हातारीने बाळाचे हातपाय चाचपून बघितले, कुणी नाक कुणाचं यावर वाद घातला, नातसुनेने पाणी मागितलं, धाकटी सगळ्यांना बाहेर हाकलत होती. वर दिवा जळत होता. त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं. तो लागला कसा, कुणी लावला, एकानेही विचारलं नाही. मी, जिला कौतुकाची एवढी हौस, मीही बाळाकडेच बघत होते. दिव्याची आठवण मला आत्ता, हे लिहिताना झाली.